एक नग, बंद

सोनेतारण लिलावाची जाहिरात पेपरात आली की मी पान उलटतो. बारीक टाइपात खातेक्रमांक, त्यापुढं गंठण, बोरमाळ, झुबे, पाटल्यांचा जोड, लहान मुलाच्या बिंदल्या, आणि शेवटी ग्रॅम-मिलिग्रॅम. बीड जिल्ह्यातल्या तलवाड्यात राहणाऱ्याला त्या आकड्यांमागची घरं दिसतात. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसा लागतो. कुणाचं दवाखान्याचं बिल थकलेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. दसरा झाला की तालुक्यातली माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडं निघतात, तेव्हा हातात घेतलेली उचल आधीच संपलेली असते. मग घरातलं सोनं बाहेर पडतं. पुष्कळांचं परत येतं. ज्यांचं येत नाही, त्यांची ती यादी. त्या दिवशी मात्र पान उलटता उलटता एक ओळ दिसली आणि हात थांबला : ‘सोन्याचे मनगटी घड्याळ, बंद, एक नग.’

लिलाव गेवराईला होता. अनामत भरायची, नाव नोंदवायचं, माल ‘आहे त्या स्थितीत’ उचलायचा. आलेले बहुतेक सराफ. घड्याळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं आणि प्रत्येकजण ते आधी पालथं करत होता. मागचं झाकण उघडायचं, आतला छाप बघायचा, मशीनचं वजन अंदाजानं वजा करायचं. “अठराचंय,” एकजण म्हणाला, “आटवलं की घट जाणार.” बावीस कॅरटवर पोसलेल्या बाजारात अठराला मान नाही. डायलकडं कुणी पाहिलं नाही. त्यांचा धंदा तसा आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पण मला ते बघवेना.

माझ्या हाती आलं तेव्हा मी ते खिडकीशी नेलं. काच पिवळी पडून तडकलेली. किल्लीचे दाते झिजून गुळगुळीत. पट्टा कधीच सडून गेलेला, त्याचा काळा चिकटा कानांच्या बेचक्यात राहिलेला. डायलवर ओलीचे तपकिरी डाग, सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ, त्यातला काटा गळून काचेखाली आडवा पडलेला. भिंग लावल्यावर अक्षरं लागली : वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता, आणि त्याखाली ‘सोवार प्रायमा’. झाकणाच्या आत एका स्त्रीचं इवलंसं मुख ठोकलेलं. ती हेल्व्हेशिया. अठरा कॅरटच्या घड्याळांवर १९९५ पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये तिचा छाप मारत. चौदा कॅरटला खार होती.

वेस्ट एंड ही १८८६ साली मुंबईत उभी राहिलेली पेढी. मशीन स्विस, गिऱ्हाईक इकडचं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदी फौजेतही तिची घड्याळं होती. तोवर मनगटावर घड्याळ बांधणं हा बायकांचा दागिना समजत, पुरुष साखळीचं खिशात ठेवत. खंदकात खिसा चाचपायला सवड नव्हती. त्या लढाईनं घड्याळ पुरुषांच्या मनगटावर आणलं.

पण सोन्याचं, आणि बीड जिल्ह्यात? हा मुलूख तेव्हा निजामाचा. इथं हाली सिक्का चालायचा, मुंबईच्या मालाला कलदार मोजावे लागायचे. बीड शहरात रेल्वे आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. त्या काळी गाडी चुकेल म्हणून घड्याळ बघायचा प्रश्न नव्हता. तलवाड्यात दिवस कळायचा तो उन्हावरून आणि त्वरितादेवीच्या आरतीवरून. मग ते कुणी घेतलं असेल? वकिलानं, जिनिंगच्या मालकानं, एखाद्या देशमुखानं? मला वाटतं, ते जावयासाठी घेतलेलं असावं. आपल्याकडं नवरदेवाच्या मानपानात घड्याळ असायचंच. पुढं सायकल आली, रेडिओ आला, पण घड्याळ हटलं नाही. लेकीच्या बापानं ऐपतीबाहेर जाऊन मुंबईहून मागवलेलं ते घड्याळ असेल, तर ते इथं पोचलं तेव्हा कदाचित मुंबईची वेळ दाखवत असेल. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, तरी मुंबई स्वतःची वेळ १९५५ पर्यंत धरून होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं. मांडवात कुणीतरी ते कौतुकानं जुळवून घेतलं असेल. हा सगळा माझा अंदाज. पण बंद घड्याळ हातात आलं की माणूस असे अंदाज करतोच, आणि मला ते करावेसे वाटले याचा आनंद आहे.

असली घड्याळं आता फारशी दिसत नाहीत, आणि ती झिजून संपली असंही नाही. १९६९ च्या डिसेंबरात सेइकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. मागोमाग चावीची घड्याळं पेटीत गेली. १९८० च्या जानेवारीत जगात सोनं औंसाला ८५० डॉलरवर चढलं आणि लोकांनी त्या पेट्या उघडल्या. केस मुशीत गेली, मशीन केरात. देशोदेशी हेच झालं. आज आपल्याकडं तोळ्याचा भाव लाखावर गेलाय आणि मूस पुन्हा तापली आहे. मला याचा खरा राग येतो. सोनं कुठं जात नाही. आज आटवलं तर उद्या त्याचं मंगळसूत्र होईल. पण ज्या हातांनी घड्याळातलं चक्र तोललं, ते हात पुन्हा मिळायचे नाहीत. त्या घड्याळात सगळ्यात स्वस्त काही असेल तर ते सोनं, असं मी त्या खिडकीशी उभा राहून मनाशी म्हणालो आणि बोलीला उतरलो. सराफ वजनाच्या भावाशी थांबले. मी त्याच्या थोडा वर गेलो. एक, दोन, तीन.

पावती करताना तिथल्या साहेबांना सांगून ठेवलं : खातेदाराच्या घरचं कुणी घड्याळाची चौकशी करत आलं तर माझा नंबर द्या, ज्या भावात घेतलं त्याच भावात देईन. ते म्हणाले, “गुरुजी, कुणी येत नसतं.” तरी त्यांनी नंबर लिहून घेतला.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकणाची आतली बाजू माझ्याकडं वळवली. हेल्व्हेशियाच्या भोवती सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर कारागीर अशी खूण करून ठेवतो, पुढच्या खेपेला ओळख पटावी म्हणून. एक खूण रोमन अक्षरांची, दोन देवनागरी आकड्यांच्या, आणि तीन उर्दूत. चाचांनी उर्दू तारखा वाचून दाखवल्या. शेवटची वाचताना म्हणाले, “ये हाथ पुराना है, साफ हाथ है.” म्हणजे हे घड्याळ पुन्हा पुन्हा कुणी ना कुणी नीट करून घेतलं होतं. दुर्लक्ष झालं ते फार उशिरा.

आतलं तेल वाळून डिंकासारखं झालेलं. ते पेट्रोलनं धुता आलं. खरी मोड निराळी होती : ज्या दांड्यावर चक्र फिरतं, त्याचं टोक तुटलेलं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं ते टोक. धक्का सोसणारी इन्काब्लॉकची सोय वेस्ट एंडनं १९३४ च्या सुमारास घड्याळात घातली. हे त्याच्या आधीचं, एकदा हातातून पडलं की संपलं. नवा दांडा कुठून आणायचा?

तो सराफाकडं मिळाला. बीडच्या एका दुकानात, केस आटवून उरलेली मशीनं पत्र्याच्या डब्यात टाकलेली होती; फेकून द्यायची राहिली म्हणून उरली. त्यात एक सोवार प्रायमाचं, त्याच मापाचं. सोनं गेलेलं, चक्र शाबूत. चाचांनी ते कमानीसकट इकडं बसवलं, चावी दिली, आणि चक्र हललं. तासाला १८,००० ठोके, दिवसाला ४,३२,०००. ते दिवसाला दोन-तीन मिनिटं मागं पडतं. मी सकाळी शाळेला निघताना चावी देतो आणि काटा पुढं सरकवतो. चाचांनी आपली खूण उर्दू तारखांच्या खाली कोरली आहे, शेजारी आणखी दोघातिघांपुरती जागा सोडून.

ते घालून मी गेवराईच्या नि बीडच्या सराफांकडं फिरलो. घड्याळ आटवू नका असं त्यांना सांगणारा मी कोण, भाव त्यांना चुकत नाही. एवढंच मागितलं की मशीन फेकू नका, बाजूला ठेवा, मी भंगाराच्या दुप्पट दर देतो. दोघे तयार झाले. डबा भरला की ते चाचांना फोन करतात. परवाच्या डब्यात फाव्हर-ल्यूबाचं एक मशीन आलं, डायल स्वच्छ, तिन्ही काटे जागेवर. चाचा त्याच्यासाठी स्टीलची केस शोधताहेत.