थांबणारं कालवण

पाककृतीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं : गरमागरम वाढा. आमच्या घरी रविवार सोडला तर या वाक्याचा उपयोग नाही. मी दवाखान्यात परिचारिका, हे गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, आणि दोघांच्याही पाळ्या बदलत्या. थोरला संध्याकाळी फुटबॉलच्या सरावाला जातो, धाकटीची शिकवणी उशिरा सुटते, आत्तींना गोळ्यांमुळे साडेसातला जेवावंच लागतं. ह्यांची दुसरी पाळी असली की कळंब्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात पहिलं ताट साडेसातला आणि शेवटचं रात्री बारा वाजायच्या सुमाराला वाढलं जातं. कालवण मात्र एकच.

अर्ध्या तासात होणाऱ्या पदार्थांच्या याद्या सगळीकडे मिळतात. मला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही, कारण माझी अडचण स्वयंपाकाला लागणाऱ्या वेळेची नाहीच. पदार्थ चटकन झाला, पण नंतर थांबलाच नाही, तर तो माझ्या घरात सोपा नाही. चार तासांनी परत गरम केल्यावरही त्याची चव राहिली पाहिजे. शेवटी जेवणारा माणूस भट्टीपुढून आलेला असतो. त्याच्या ताटात उरलंसुरलं वाढलंय असं त्याला वाटता कामा नये. रोजच्या स्वयंपाकातलं कसब मी यावरच मोजते.

या कसोटीला पुरेपूर उतरणारं कालवण म्हणजे अख्खा मसूर. कराडपासून कोल्हापूरपर्यंत महामार्गावरच्या ढाब्यांनी त्याला नाव मिळवून दिलं, आणि त्यामागचं कारण मला पटतं. ढाब्यावरही गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नसतो. सकाळी कामावर निघताना मसूर भिजत घालायचा. संध्याकाळी कुकरला दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा दबावा, पण साल सुटलेली नसावी. टोमॅटो नंतर, फोडणीत. आंबट आधी पडलं की कडधान्याची साल मऊ व्हायला फार वेळ घेते. चिंच-आमसुलाच्या आमटीचंही तेच. कढईत कांदा चांगला लाल झाला की ठेचलेलं आलं-लसूण, मग टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचा, मग गॅस अगदी बारीक करून चटणी. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ती तेलात घडीभरच ठेवायची. जास्त झाली की रंग काळपट आणि चव कडवट. लगेच मसूर त्याच्या पाण्यासकट ओतायचा.

यानंतरचं काम मी कधी चुकवत नाही. डावाच्या पाठीने थोडे दाणे कढईच्या कडेला दाबून चेचायचे. चेचलेल्या दाण्यांमुळे रस्सा एकजीव होतो. ते केलं नाही तर थांबल्यावर पाणी वर आणि मसूर खाली. साडेसातला आत्तींच्या वाटीत हे कालवण थोडं पातळ असतं, त्यांना भाकरी कुस्करून खायला तसंच लागतं. मुलांच्या वेळेला ते दाटून येतं. रात्री ह्यांच्या ताटात पडतं तेव्हा तिखट-मीठ दाण्याच्या आत मुरलेलं असतं. सगळ्यात उशिरा येणाऱ्याला सगळ्यात चांगलं मिळतं, म्हणून हे कालवण माझ्या मनात पहिल्या नंबरावर आहे.

पिठलं मात्र या कसोटीत बसत नाही. घाई म्हटलं की सगळ्यांना पिठलंच आठवतं, पण आचेवरून उतरलं की ते घट्ट व्हायला लागतं, आणि गरम करताना कितीही गरम पाणी घातलं तरी गुठळ्यांचं राहतं. सगळे एकत्र घरी असतील त्या रात्रीच मी पिठलं करते, तेही चांगलं पातळ. एरवी झुणका. पीठ तेलावर खमंग परतलेलं असलं की तो थांबतो, दुसऱ्या दिवशी डब्यालाही जातो. भाज्यांतही हाच भेद. गारगोटी रोडला संध्याकाळी आसपासच्या गावांतल्या बायका भाजी घेऊन बसतात. बसमधून उतरले की तिथेच मी त्या दिवशीच्या वेळापत्रकाचा विचार करते. सगळे लवकर येणार असतील तर मेथी. नाहीतर वांगी, घेवडा, गवार, शेवगा. मेथी तव्यावरून थेट ताटात पडली तरच तिचं सोनं होतं.

भाकऱ्या एकदाच. जोंधळ्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते कढत पाण्यात मळायचं; उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि पीठ एकमेकाला धरतं. दळप मी थोडं थोडं करून आणते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग थापताना कडा फाटतात आणि भाकरी तव्यापर्यंत धड पोचत नाही. वेळ वाचवायचा म्हणून महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवलं तर रोज संध्याकाळी त्याचा दुप्पट त्रास. ताज्या पिठाच्या, टम्म फुगलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवल्या की रात्रीपर्यंत मऊ राहतात. वाढायच्या वेळी पाण्याचा हात फिरवून तव्यावर टाकायच्या.

भात मात्र थांबवायचा नाही. हे माझ्या नोकरीमुळे मी जास्त ठासून सांगते. शिजलेला भात कोमट अवस्थेत ओट्यावर तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून शेवटच्या ताटाचा भात वेगळा. तांदूळ मोजून छोट्या कुकरशेजारी झाकून ठेवलेला असतो. हे आले की आंघोळ होईपर्यंत भात होतो. कालवणाचाही रात्रीचा वाटा मी आधीच वेगळ्या डब्यात काढते, निवला की फ्रीजमध्ये, आणि वाढताना चांगली उकळी फुटेपर्यंत तापवायचा. आधी वाटा काढण्याचा आणखी एक फायदा आहे. थोरला सरावावरून भुकेला येतो, त्याला मनसोक्त वाढता येतं. बापासाठी किती ठेवायचं हा हिशेब त्याच्या भुकेत येत नाही.

आठवड्याचे वारही मदतीला असतात. सोमवारी आत्तींचा उपवास सुटतो, म्हणून वरण-भात आणि एखादी फळभाजी. गुरुवारी, शनिवारी आमच्याकडे मांसाहार नाही. बुधवारी अंड्याचं कालवण. निम्मं काय करायचं हे असं आधीच ठरलेलं असतं, आणि कामावरून दमून आलेल्या बाईला त्याचा किती आधार वाटतो हे मी अनुभवाने सांगते. काम हाताला जड जात नाही. ‘आज काय करू?’ हा प्रश्न जड जातो.

रविवार मटणाचा. त्या दिवशी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ निघतो. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो शिजायला लागला की शेजारपर्यंत वास जातो. आठवड्यातला हा एकच दिवस खऱ्या अर्थाने गरमागरम वाढायचा, आणि त्यात मी काही वाचवायला जात नाही. फक्त तांबड्या रश्श्यासाठी भाजलेलं कांदा-खोबरं, तीळ, आलं, लसूण, कोथिंबीर यांचं वाटण दुप्पट करते. निम्मं डब्यात भरून फ्रीजमध्ये जातं आणि मंगळवारी मटकीच्या उसळीत पडतं. मटकी रविवारी सकाळी भिजवलेली, रात्री फडक्यात बांधलेली, मंगळवारपर्यंत तिला बोटाच्या पेराएवढे मोड येतात. मोडाची मटकी शिजायलाही कमी वेळ घेते.

त्याच्याही मागे उन्हाळा आहे. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची चटणी होते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटपणाला लवंगी. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं, धणे, तीळ, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, उभा चिरलेला कांदा उन्हात सुकवून तळायचा आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. घरभर शिंका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबून मला घरी यायला उशीर होतो, तरी तासाभरात कालवण होतं, ते या बरणीच्या जोरावर. चटणी विकत चांगली मिळते. ज्यांना उन्हाळ्यात सवड नाही त्यांनी खुशाल विकत घ्यावी. मला आमच्या आत्तींच्या प्रमाणाची सवय आहे.

आमच्या कपाटात कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आहे. 1970 साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापांनी नवख्या मुलींना स्वयंपाकाचा धीर दिला. मीही त्यातलीच. आता तोच धीर मला घरातल्या बाकीच्यांना द्यायचा आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. हे आकडे वाचून मला नुसतं वाईट वाटलं नाही, मी कामाची वाटणी बदलली. मसूर-मटकी भिजवणं धाकटीकडे, दळप थोरल्याकडे, भांडी ह्यांच्याकडे. आपलं ताट ज्याने त्याने वाढून घ्यायचं. थांबणारं कालवण असलं की हे जमतं, कारण वाढायला आई उभी असावी लागत नाही. माझी रात्रपाळी असली की धाकटीचा फोन येतो, “मम्मी, मी जेवलो. पप्पांचा डबा खालच्या कप्प्यात हाय.” मी वॉर्डात असते, तेवढं कळलं की पुरतं.

थोरल्याला आता भाकरी शिकायची आहे. पाणी किती कढत हवं, हे आत्ती त्याला सांगतात. बुडबुडे दिसायला लागले की पीठ टाकायचं, उलथन्याने कालवायचं, हाताला सोसेल तेव्हा मळायचं. त्याची भाकरी अजून वाटोळी येत नाही, पण फुगते. गेल्या गुरुवारची पहिली भाकरी आत्तींनी मागून घेतली.