राशीचा वेध

नातीचा गणिताचा अभ्यास घेण्याचे काम आम्ही आपण होऊन पत्करले आहे. शिकविण्याची हौस हे त्याचे एक कारण. थोडासा अहंकार हे दुसरे. परवा उदाहरण निघाले ते असे: गव्हाची रास शंकूच्या आकाराची असून तळाची त्रिज्या 5 मीटर व तिरकस उंची 13 मीटर आहे, तर तिचे घनफळ किती? आम्ही पायथागोरसाचे स्मरण करून लंब उंची 12 मीटर काढली, तळाचे क्षेत्रफळ व उंची यांच्या गुणाकाराचा तृतीयांश घेतला आणि 314 घनमीटर हे उत्तर मोठ्या रुबाबात मांडले. पुस्तकातील उत्तरही तेच होते.

नात मात्र आकृतीकडेच पाहात होती. "आजोबा, गहू इतके उभे राहतील का हो?"

"परीक्षेत असले काही विचारीत नाहीत," असे म्हणून आम्ही पान उलटले. हेच वाक्य लहानपणी आम्हांसही ऐकावे लागले होते, आणि त्यानंतर गणिताला प्रश्न विचारणे आम्ही सोडून दिले होते. रात्री ते आठवले, तेव्हा मनास बरे वाटले नाही.

सकाळी 'लीलावती' उघडली. शके 1072 म्हणजे इ. स. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी धान्याच्या राशींसाठी त्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. राशीच्या उंचीस ते 'वेध' म्हणतात. जाड धान्याचा वेध परिघाच्या दहाव्या भागाइतका, बारीक धान्याचा अकराव्या, तर कुसळांच्या धान्याचा नवव्या भागाइतका धरावा, असा त्यांचा नियम आहे. मग परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग करून त्यास वेधाने गुणिले की घनफळ हाती येते. खळ्यावर शेतकऱ्याला एक दोरी पुरे!

आम्ही त्रिकोणमितीचा आधार घेतला. वेध परिघाचा दशांश असेल, तर उताराच्या कोनाची स्पर्शज्या सुमारे 0.63 येते व कोन 32 अंशांच्या जवळपास. नवव्या भागाने 35, अकराव्याने 30. आमच्या उदाहरणातील कोन मात्र 67 अंशांहून अधिक! त्या राशीवरून पहिलाच दाणा घसरला असता.

संध्याकाळी नातीस बोलावून चूक कबूल केली. तिने लगेच वर्तमानपत्रावर गहू ओतले, भोवती सुतळी लाविली, मध्ये विणण्याची सुई खुपसली. परिघ 62 सेंटिमीटर, वेध साडेपाच. अकराव्या भागाशी किती जवळ! वहीतील उत्तराखाली तिने लिहिले, "हिशेब बरोबर, रास खोटी."

मग गव्हाकडे पाहात ती म्हणाली, "आणि भिंतीला टेकून ओतले तर?"

त्याचेही उत्तर आचार्यांनी देऊन ठेविले आहे. पण ते आम्ही सांगितले नाही. पायली उचलून तिच्या हाती दिली.