उठण्याआधीचे बसणे

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात आणि त्यांतले आठ बसलेले असतात. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद अशा त्या आयतात दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, आणि पाटीवर फक्कीने आखलेले आठ फूटभर चौकोन. शेजारशेजारचे दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. उभा असतो तो एकटा नववा. त्याला पळणाऱ्यामागे धावायचे असते, पण मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय सोडता येत नाही. पळणारा मात्र हवा तसा वळतो, बसलेल्यांच्या मधल्या फटींतून इकडून तिकडे जातो. त्यामुळे एकट्याच्या पायांवर पाठलाग फार वेळ चालत नाही. धावणाऱ्याला बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणावेच लागते. तो उठतो आणि खो देणारा त्याच्या चौकोनात बसतो. आपली धाव दुसऱ्याला द्यायची आणि त्याची बैठक आपण घ्यायची, ही देवाणघेवाण हाच या खेळाचा कणा आहे. संघबांधणीविषयी खो-खोला जे सांगायचे आहे, ते सगळे या एका नियमात साठवलेले आहे.

रोजच्या मराठीत कुणाच्या कामात ‘खो घालणे’ म्हणजे आडकाठी करणे. मैदानावर त्याच अक्षराने माणसाला वाट मिळते. हा खेळ गावोगाव फार पूर्वीपासून होता, पण त्याला नियमांची चौकट मिळाली ती १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमांची पुस्तिका काढली. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात महिलांची. तेव्हापासून या खेळात महाराष्ट्राचा दबदबा आहे आणि त्यात धाराशिव जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. उसाचे पैसे आणि मोठ्या शहरांच्या सोयी ज्याच्या वाट्याला कमीच आल्या, पावसाने ज्याला वारंवार दगा दिला, त्या जिल्ह्याने देशाला कर्णधार दिली. हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे.

याच जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले अणदूर हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे, नळदुर्गाजवळचे मोठे गाव. शिवारात ज्वारी, तूर, सोयाबीन; मातीत काळेपणा आणि चिकटपणा दोन्ही. अशा गावातल्या शाळेचे मैदान पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखे होते. मुले दप्तरे भिंतीशी टाकतात, चपला रांगेत काढून ठेवतात. एकजण डब्यातली फक्की चिमटीने सोडत रेघ ओढत जातो आणि रेघ वाकडी गेली की पायाने पुसून पुन्हा ओढतो. खांबाला हात लावून कुणी तो हलतो का ते पाहते. खेळाला एवढेच साहित्य लागते. बॅट नको, जाळे नको, बूट नसले तरी अडत नाही. ज्या घरात क्रिकेटच्या पॅडचा विचार करता येत नाही, त्या घरातली मुलगीही इथे पहिल्या दिवसापासून बरोबरीने उभी राहू शकते. संघासाठी मुले निवडण्याचे क्षेत्र त्यामुळे एकदम रुंदावते आणि सारा गाव निवडीच्या कक्षेत येतो.

निवडीनंतर खरे काम सुरू होते ते बसायला शिकवण्यापासून. नवख्या मुलाला बसणे म्हणजे विश्रांती वाटते. जाणता शिक्षक त्याला चौकोनात बसवून दाखवतो: एक पाय किंचित पुढे, बोटे जमिनीला टेकलेली, वजन पंजांवर, मान वळवून डोळे पळणाऱ्यावर. पाठीवर हात पडण्याआधी उठले तर तो फाउल, मैदानाच्या भाषेत ‘अर्ली गेटअप’. खो देणाऱ्याचे पाऊल चौकोनाच्या पुढे निघून गेले आणि मग त्याने हात लावला, तर तोही फाउल. एकाला अधीर होऊन चालत नाही आणि दुसऱ्याला उशीर करून चालत नाही. कोवळ्या खेळाडूविषयीचा सगळा शहाणपणा या दोन फाउलांत आहे. वेळेआधी मोठ्या गटात उतरवलेला मुलगा मोडतो आणि वेळ टळेपर्यंत राखीव बसवलेला मुलगा गावातून निघून जातो. चांगल्या प्रशिक्षकाचे कसब मधल्या त्या नेमक्या क्षणाला पाठीवर हात ठेवण्यात असते.

नऊ जणांत प्रत्येकाची जागा त्याच्या अंगकाठीवरून आणि स्वभावावरून ठरते. खांबाजवळ उंच, लांब हातांचा, सूर मारायला न घाबरणारा खेळाडू लागतो, कारण खांबाला वळसा घेणाऱ्याला तिथेच गाठायचे असते. मधल्या चौकोनांत चटकन उठणारे, डोक्याने थंड खेळाडू लागतात. पळणारा ज्या फटीतून जाणार ती त्यांना एक क्षण आधी दिसावी लागते. संरक्षणात याहून वेगळा हिशेब असतो. तिघातिघांच्या तुकड्या आत उतरतात. एक तुकडी बाद झाली की दुसरी लगेच जाते. पहिल्या तुकडीत बहुधा कसलेले पळणारे ठेवतात, म्हणजे नऊ मिनिटांच्या डावातला मोठा भाग तेच खाऊन टाकतात. लहान खेळाडूला तिसऱ्या तुकडीत ठेवले की त्याच्या वाट्याला थोडा वेळ येतो, पण तो वेळ खऱ्या सामन्यातला असतो. तिथे तो बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळण्याची एकेरी साखळी कशी घ्यायची, गोलाकार पळण्याकडे कधी वळायचे, कुठल्या खांबापाशी हुलकावणी द्यायची हे शिकतो. अर्धा मिनिट टिकणारा मुलगा पुढच्या हंगामात एक मिनिट टिकला, तर संघाने कुणालाही बाहेरून न आणता आपली ताकद वाढवलेली असते.

बेसबॉलच्या मैदानावरही क्षेत्ररक्षण करणारे नऊच असतात आणि त्या खेळाच्या चाहत्यांत संघबांधणीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे: तयार खेळाडू विकत घ्यावेत की कोवळे खेळाडू वाढवावेत? १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचे ब्रँच रिकी यांनी छोट्या गावांतले दुय्यम संघ हाताशी धरून तिथे तरुण खेळाडू तयार करायची पद्धत घातली. श्रीमंत संघांशी पैशाने झुंजता येत नव्हते, म्हणून त्यांनी वेळेची गुंतवणूक केली. त्या व्यवस्थेला तिकडे शेताचेच नाव मिळाले, कारण पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये वाट पाहणे आले. अणदूरच्या परिसरात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तूर पेरल्यावर सहा महिने थांबावे लागते हे ज्याच्या घरात ठाऊक आहे, त्याला चौदाव्या वर्षाच्या खेळाडूकडून लगेच पीक मागू नये हेही ठाऊक असते.

महाराष्ट्रातल्या खो-खोची शेती गटांची आहे. चौदा वर्षांखालचे किशोर आणि किशोरी, अठरा वर्षांखालचे कुमार आणि मुली, त्यानंतर पुरुष आणि महिला. शालेय स्पर्धांची शिडी तालुक्यावरून जिल्ह्याकडे, विभागाकडे आणि राज्याकडे जाते. राष्ट्रीय स्पर्धेत अठरा वर्षांखालच्या उत्कृष्ट खेळाडूंना वीर अभिमन्यू आणि जानकी या नावांचे पुरस्कार मिळतात. मोठ्यांमध्ये पुरुषांसाठी एकलव्य आणि महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई हे पुरस्कार आहेत. प्रत्येक पायरीवर गळती होते. दहावीनंतर कुणी सोलापूरला किंवा पुण्याला जाते, कुणी शेतात अडकते, मुलींच्या बाबतीत लग्नाची घाई आडवी येते. कठीण जमिनीवर मारलेल्या सुराने गुडघा गेला की घरचे लोक खेळ थांबवतात. म्हणून गावचा संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. आज किशोरीत बसलेली मुलगी दोन वर्षांनी मुलींच्या गटात कुठल्या चौकोनात बसेल, याचा विचार आजच करणारा शिक्षक ज्या शाळेला लाभतो, तिचा संघ एका हुशार तुकडीबरोबर संपत नाही.

सारिका काळे यांची वाटचाल हे या सगळ्याचे जिवंत उदाहरण आहे. धाराशिवच्या या मुलीने तेराव्या वर्षी मैदानात पाय ठेवला. घरची ओढगस्त एवढी की दिवसातून एकदाच जेवण मिळावे, अशी वर्षे त्यांनी काढली. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली त्या घडल्या. २०१६ मध्ये घरच्या परिस्थितीने खचून खेळ सोडायचा विचार मनात आला, तेव्हा समजूत घालून त्यांना मैदानावर परत आणण्यातही प्रशिक्षकांचाच हात होता. त्याच वर्षी गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले आणि कर्णधार सारिका होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा सन्मान त्याआधी १९९८ मध्ये आला होता, म्हणजे मध्ये बावीस वर्षे गेली होती. तेरा वर्षांच्या मुलीपासून अर्जुन पुरस्कारापर्यंतचा हा प्रवास चौदा-पंधरा वर्षांचा आहे. एवढा काळ कुणीतरी तिच्या आहाराची, सरावाची आणि मनाची काळजी घेतली, तेव्हा कुठे एक कर्णधार उभी राहिली. हा पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. तुळजापूर म्हणजे अणदूरचाच तालुका. देशासाठी धावून झाल्यावर पुढच्या पिढीच्या पाठीवर हात ठेवायला त्या इथे येऊन बसल्या.

त्यांच्या मागून उठणारेही तयार होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिलांनी १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. पुरुषांनीही प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली नेपाळलाच ५४-३६ असे नमवले. त्याआधी २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम झाला. त्याच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ अशी एका गुणाने मात केली. तिथे मातीची जागा मॅटने घेतली आणि मुक्त दिशेने धावू शकणारा ‘वजीर’ आला. संघमालक आले, करार आले. खेळाडूला मानधन मिळू लागले ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण त्यामुळे दहावीनंतरची गळती थांबायला एक कारण मिळाले. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्याचाही आधार खेडेगावातल्या घरांना वाटतो. तरीही लीगचा मालक तयार खेळाडूच घेणार. तो तयार होतो ते भेगाळलेल्या मैदानावर, शाळा सुटल्यावरच्या दोन तासांत. त्या दोन तासांची सोय झाली नाही, तर वरचा सगळा डोलारा एका पिढीत रिकामा पडेल. गावच्या मैदानाला पाणी मारणे, मुलींना सरावानंतर सुखरूप घरी पोचवणे, मूठभर शेंगदाणे आणि गूळ देणे या गोष्टी संघबांधणीतच मोजल्या पाहिजेत.

आपल्यातल्याच माणसांना घडवून उभे करण्याची रीत अणदूरला नवी नाही. इथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यापाड्यांतल्या साध्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. बाहेरून तयार माणूस येईल याची वाट पाहत न बसता गावातलेच हात शिकवले. आणि जागा देण्याघेण्याची रीत तर गावाच्या देवातच आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातले दहा महिन्यांहून अधिक काळ अणदूरच्या देवळात असते आणि मार्गशीर्षात ती नळदुर्गाच्या मैलारपुरात जाते, यात्रा आटोपली की परत येते. यासाठी दोन्हीकडचे लोक लेखी करार करतात. आपल्या देवळाची गादी काही काळ रिती ठेवून दुसऱ्या गावाला देव देणे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मोठ्यांनी लहानांना जागा करून देण्याचा धडा या गावच्या मुलांना देवळाच्या पायरीवरच मिळतो.

खो-खोच्या गुणपत्रकात गडी बाद करणाऱ्याची नोंद होते. त्याला नेमक्या क्षणी खो देणाऱ्याची नोंद कुठल्याही रकान्यात येत नाही. शेवटच्या सुराआधी चार-पाच जणांनी एकमेकांना उठवलेले असते, पळणाऱ्याला हळूहळू खांबाकडे रेटत नेलेले असते, आणि मग एकाचा हात त्याला लागतो. टाळ्या त्या एकाला मिळतात आणि बाकीचे धुळीत बसून पुढच्या खोची वाट पाहत असतात. संघ बांधला गेला की नाही याची कसोटी या बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर लागते. खो देऊन बसलेली थोरली मुलगी आपल्या जागेवरून उठून धावणाऱ्या धाकटीकडे पाहत असते, बोटे जमिनीला टेकलेली, वजन पंजांवर. तिचे धावणे संपलेले नसते. धाकटीला वाटेत पुन्हा कुणीतरी लागणार आहे, हे तिला ठाऊक असते आणि त्यासाठी ती तयार बसलेली असते.