चौकोनी कंसाचं ऋण

नोकरीला लागलो तेव्हा पायथन येत होतं, जँगोही बऱ्यापैकी. पण लॅपटॉपवर चालणारं अ‍ॅप सर्व्हरवर कसं नांदवायचं, हे भाऊंनी शिकवलं. भाऊ म्हणजे नागपूरच्या आयटी पार्कजवळच्या ऑफिसातले आमचे सीनियर.

एका ग्राहकाचं जुनं काम आमच्याकडे आलं. सगळ्या मशीनांना मिळून एकच सेटिंग्ज फाइल, तिच्यात ‘अमुक मशीन असेल तर हा डेटाबेस, तमुक असेल तर तो’ अशी उतरंड, आणि पासवर्ड चक्क गिटमध्ये. भाऊ म्हणाले, “काहून असं लिहून ठेवलं बे? डिसेंबरात सरकार मुंबईहून इथं येते. कायदे तेच, बंगले वेगळे. कायद्याच्या पुस्तकात बंगल्याचा नंबर छापते का कोणी?”

मग बेस, लोकल, प्रॉडक्शन अशा तीन फाइली झाल्या. सामायिक ते बेसमध्ये, डीबग चालू फक्त लोकलमध्ये. पासवर्ड आणि सीक्रेट की सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये गेले. ते वाचताना ‘गेट’ वापरलं तर, व्हेरिएबल नसल्यास पर्यायी किंमत देता येते. भाऊंना ती सोय नामंजूर. चौकोनी कंसच हवा, म्हणजे व्हेरिएबल नसलं की कीएरर येतो आणि अ‍ॅप सुरूच होत नाही. “बंद पडलं तर फोन येते. चुकीच्या डेटाबेसवर चाललं तर कोणाचाच येत नाही.”

कॉन्फिगरेशन कोडबाहेर ठेवा, हे हेरोकूच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी 2011च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’मध्ये मांडलं होतं. त्यांची कसोटी अशी, की एकही पासवर्ड न फुटता तुमचा कोड या क्षणी जगासमोर उघडा करता येईल का? खुद्द जँगो 2003मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आकाराला आला. 2005मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच्या टाइम झोनचं मूळ डिफॉल्ट शिकागोचं आहे. लॉरेन्सची घड्याळंही तीच वेळ दाखवतात! त्या अनोळखी माणसांचंही देणं लागतो, पण ते भाऊंच्या हातून पोचलं.

एका बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकत नाही. टेस्टसाठी मी चौथी फाइल ठेवतो आणि तिच्यात सरळ खोटी की लिहितो. नवी पोरं टेस्ट चालवायला बसली की आधी दहा व्हेरिएबल भरत बसावीत, हे मला पटत नाही. भाऊ आता पुण्यात असतात; फोन झाला की यावरून अजून भांडतात.