माझं रील, तिचा आवाज

विदर्भ एक्स्प्रेस मलकापूरला उतरवते तेव्हा अख्खं गाव झोपलेलं असतं. मामाच्या घरी मात्र एकजण टक्क जागी असायची. दहावीतली माझी मामेबहीण. ‘काहून वं ताई, इतकी वाळली? मुंबईत खायले देत नाहीत का तुले?’ ही तिची वेलकमची स्टाइल! या वेळी दार मामीनं उघडलं. ‘झोपली ती,’ म्हणाली. खोलीतला लाइट तर सुरू होता.

झालं होतं असं. मागच्या दिवाळीत चकल्या तळताना ती मामाशी भांडत होती, तिच्या खास वऱ्हाडीत. इतकं भन्नाट, की मी गुपचूप शूट केलं आणि टाकलं इन्स्टावर. माझं अकाउंट पब्लिक. फ्रीलान्सरला लागतंच, यू नो, कामं तिथूनच येतात. पुण्या-मुंबईच्या फ्रेंड्सनी ‘सो क्यूट’चा पाऊस पाडला. मीही खूश!

चार दिवसांत तो व्हिडिओ तिच्या क्लासमधल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. तिथं क्यूट वगैरे काही नव्हतं. कुणीतरी तिच्या चेहऱ्याचं स्टिकर केलं. सरांनी उत्तर विचारलं, की मागच्या बाकावरून तिचंच वाक्य, तिच्याच हेलात. तिनं क्लास सोडला. मग जेवण कमी झालं. मग बोलणं.

आणि ‘टीनएजर्स व सोशल मीडिया’ हा तर माझा हुकमी विषय! २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठराच्या आतल्या मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. २०२५ मध्ये इन्स्टानं भारतातल्या टीनएजर्सची अकाउंट्स आपोआप प्रायव्हेट करायला घेतली, डिसेंबरात ऑस्ट्रेलियानं सोळाखालच्यांना अकाउंटच नाकारलं. यावर मी पानंच्या पानं लिहिलीत. शब्दांच्या हिशेबानं पैसेही घेतलेत.

पण हे सगळं पोरांच्या फोनसाठी, पोरांच्या अकाउंटसाठी. माझ्या बहिणीचं इन्स्टा अकाउंट नव्हतंच. फोन वापरायची तोही मामीचा. भोंगा वाजायचाच होता, तर माझ्या वन-रूम-किचनमध्ये वाजायला हवा होता. माझं वय एकोणतीस. मला कोण अडवणार?

सकाळी मामीला टेली-मानसचा नंबर दिला, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. ‘तिले काय येड लागलं का?’ मामी भडकली. दुपारी पाहिलं तर कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेननं नंबर लिहिलेला होता.

रील मी तिच्यासमोर डिलीट केलं. सॉरी म्हटलं. ती कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

‘ताई, ग्रुपवरून कसं काढणार आहेस?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मग लक्षात आलं, आल्यापासून ती माझ्याशी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलतेय.