सहा बाइटांचं पॅकेट

एक्स८६वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर पॉवरपीसीच्या बोर्डावर चालवायचा होता. कार्ड सुरू व्हायचं, लिंकचा दिवा लागायचा, पण एकही पॅकेट धड येईना. मेमरी उघडून पाहिली, तर बफरमध्ये सहाच बाइट उतरलेले. त्यापुढे मी खुणेसाठी भरून ठेवलेले आकडे जसेच्या तसे.

बफर होता १५३६ बाइटांचा, म्हणजे हेक्समध्ये ०६००. ही लांबी कार्डाला डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे बफरची माहिती देणाऱ्या स्ट्रक्चरमधून कळते. हा बोर्ड बिग-एंडियन, त्यामुळे प्रोसेसरने तिथे आधी ०६ ठेवला, मग ००. कार्ड लिटल-एंडियन, ते धाकटा बाइट आधी धरतं. त्याने वाचलं ०००६, आणि सांगितलं तेवढंच इमानाने केलं.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. एकशे पंचवीसमध्ये तर शंभर, पाच, वीस असा क्रम! पीडीपी-११ वर ३२ बिटांचा आकडा जवळपास असाच ठेवत: थोरला अर्धा आधी, पण प्रत्येक अर्ध्यात धाकटा बाइट पुढे. बोलणारा आणि लिहिणारा यांचं ठरलेलं असलं की काही बिघडत नाही.

इथे ते ठरलेलं नव्हतं, आणि अशा वेळी झटपट उपायाचा मोह होतो. लांबी भरण्याआधी बाइट उलटे केले की पॉवरपीसीवर पॅकेट येऊ लागतात, पण तोच कोड एक्स८६वर मोडतो. म्हणून मी आधी कार्डाचं मॅन्युअल उघडतो आणि डिस्क्रिप्टरच्या प्रत्येक फील्डला त्याचा खरा टाइप देतो: एलई१६, एलई३२, म्हणजे १६ किंवा ३२ बिटांचा लिटल-एंडियन आकडा. मग रूपांतर एकाच जागी, कार्डाला आकडा देताना, लिनक्स कर्नलच्या सीपीयू_टू_एलई१६ ने. एक्स८६वर हे फंक्शन काहीच करत नाही, म्हणूनच ते राहून गेलेलं तिथे कधी कळत नाही.

त्याच स्ट्रक्चरमध्ये एक 'अनसाइन्ड लाँग' होता. ३२ बिटांच्या लिनक्सवर तो चार बाइटांचा, ६४ वर आठ. म्हणजे पुढची सगळी फील्ड चार बाइट सरकणार, आणि कार्डाला त्याचा पत्ता नाही. तिथे ३२ बिटांचंच फील्ड हवं, तेही एलई३२ म्हणून.

कर्नलच्या कोडवर स्पार्स चालवा. लायनस टॉर्व्हाल्ड्सने लिहिलेलं हे साधन एलई१६ मध्ये साधा आकडा भरला की लगेच इशारा देतं, आणि त्यासाठी पॉवरपीसीचा बोर्ड हाताशी असावा लागत नाही.