अध्यक्षांच्या खुर्चीतला मल्ल

कळमन्याच्या धान्यबाजारात माझ्या मावसभावाची अडत होती. केबल नवी नवी आली तेव्हा दुकानाच्या माडीवर एक दूरचित्रवाणी संच बसला आणि लिलाव आटोपल्यावर हमाल, मापारी, दिवाणजी यांच्या सोबतीने मीही तिथे अमेरिकन कुस्ती पाहू लागलो. मी तेव्हा मराठी घेऊन एम. ए. करीत होतो आणि या छंदाची वाच्यता विभागात कुठेही करीत नसे. (रोलाँ बार्तच्या 1957 सालच्या ‘मिथॉलॉजीज’ची सुरुवातच अशा कुस्तीवरील निबंधाने होते, हे पुढे कळले तेव्हा केवढा दिलासा वाटला!) ही नुरा कुस्ती आहे हे माडीवर सर्वांनाच ठाऊक होते, त्याने कोणाचा रसभंग होत नसे. तरुणपणी गावोगावच्या दंगली गाजवलेला एक वयस्क हमाल म्हणे, “पाडनं सोपं हाये भाऊ, पडनं शिका लागते.”

नोव्हेंबर 1997 मध्ये माँट्रिअल येथे व्हिन्स मॅकमॅहन या मालकाने, प्रतिस्पर्धी कंपनीत निघालेल्या ब्रेट हार्टच्या अपरोक्ष ठरलेला निकाल बदलला आणि भर लढतीत घंटा वाजवायला लावली. प्रेक्षक खरोखरच खवळले. मॅकमॅहनने तो राग वाया जाऊ दिला नाही. जुलमी मालकाची भूमिका तो पडद्यावर स्वतःच करू लागला. त्याच्याविरुद्ध उभा ठाकलेला स्टीव्ह ऑस्टिन 1998 मध्ये आमच्या माडीचा नायक झाला. मालकाला बदडणारा नोकर! अशा प्रसंगी माझा मावसभाऊ हिशेब पाहण्याच्या निमित्ताने खाली निघून जाई.

पण मॅकमॅहन मूळचा मल्ल नव्हे. मार खाण्यात त्याचे काही जात नव्हते. ज्याने स्वतः आखाडे गाजवले आहेत असा बुजुर्ग जेव्हा कमिशनर किंवा जनरल मॅनेजर म्हणून खुर्चीत बसतो, तेव्हा त्याच्या वजनाचा फायदा इतरांना होतो की वजन त्याच्याच पारड्यात राहते, हा प्रश्न मला त्या दिवसांपासून छळत आला आहे.

ट्रिपल एचचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट 2013 मध्ये डॅनियल ब्रायनने जॉन सीनाला हरवले आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या ट्रिपल एचने तत्क्षणी ब्रायनला आडवे करून जेतेपद रँडी ऑर्टनच्या हाती जाऊ दिले. पुढे आठ महिने या ‘सत्ते’ने ब्रायनचा छळ मांडला. 6 एप्रिल 2014 रोजी न्यू ऑर्लिन्सला ब्रायनने आधी ट्रिपल एचला हरवले आणि त्याच रात्री जेतेपदही मिळवले. येथवर हिशेब चोख आहे: बुजुर्गाने साठवलेली पत तरुणासाठी खर्च केली. परंतु पुढच्याच वर्षी, उभी हयात दुसऱ्या तंबूत घालवलेल्या स्टिंगला या कंपनीतल्या पहिल्याच लढतीत त्याच ट्रिपल एचकडून हरावे लागले. आणि जानेवारी 2016 मध्ये छेचाळीस वर्षांच्या या अधिकाऱ्याने जेतेपद स्वतःच्याच कमरेला बांधले. एप्रिलमध्ये ते रोमन रेन्सकडे गेले खरे, पण मधले दहा आठवडे कोणाचे होते? शिवाय 2012 पासून तीन तासांचा झालेला कार्यक्रम कितीदा तरी सत्ताधीशांच्या लांबलचक भाषणानेच सुरू होई. साहेब बोलत असताना कोणीतरी तरुण पडद्यामागे लंगोट कसून बसलेला असतो. उलट 2014 पासून अनेक वर्षे एनएक्सटीचा जनरल मॅनेजर असलेला विल्यम रीगल बहुधा लढत जाहीर करी आणि बाजूला होई. मला त्याचे काम अधिक मोठे वाटते. अर्थात त्या एनएक्सटीच्या उभारणीमागे पडद्याआडचा ट्रिपल एचच होता, हेही नोंदवले पाहिजे. तोच माणूस पडद्याआड उदार आणि पडद्यावर हावरा!

आपल्याकडे ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (1972) नाटकाचे नाव घाशीरामचे आहे, कोतवाली देणारा नाना, आणि अखेरीस त्याला जमावाच्या हवाली करणाराही नानाच. अशा ‘संधी’चे इतके निर्दय चित्र मराठीत दुसरे मला आठवत नाही.

तालमीतला वस्ताद मात्र निराळा. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपण कौतुकाने म्हणतो; मला त्या कौतुकातही नानाचा वास येतो. सत्पालला चीत करणारे हरिश्चंद्र बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले; त्यांचे पठ्ठे काका पवार स्वतः वस्ताद झाले. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, ते दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. जिंकलेल्या सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेतले. त्या छायाचित्रात वस्ताद नाहीत. त्यांनी कोणता डाव राखून ठेवला होता, हा प्रश्न तिथे कोणालाही सुचला नसता.

आता माझे. गेली पंधरा वर्षे मी परिसंवादांना अध्यक्ष म्हणून जातो. एका महाविद्यालयात एका विद्यार्थिनीने झाडीपट्टीच्या नाटकांवर निबंध वाचला. विषय नवा होता, मांडणी अडखळती. अध्यक्षीय भाषणात मी तिचेच मुद्दे माझ्या ओघवत्या शैलीत पुन्हा मांडले. मला वाटले, मी तिला उचलून धरतो आहे. चहाच्या वेळी सगळे माझ्याभोवती जमले होते आणि ती खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत पिशवी आवरत होती. पुढल्या दोन वर्षांत तिने कुठे निबंध वाचल्याचे माझ्या कानावर आले नाही.

यंदा पुन्हा निमंत्रण आले. मी निबंध वाचतो, अध्यक्ष तिला करा, असे मी कळवले. संयोजकांना ती थट्टा वाटली, नंतर नाइलाज म्हणून त्यांनी ते मान्य केले. तिने प्रत्येकाला बारा मिनिटे दिली. तेराव्या मिनिटाला तिने माझ्यासाठीही घंटा वाजवली. माझी तीन पाने वाचायची राहिली होती, आणि त्यांतच माझा मुख्य मुद्दा होता. मी तिच्याकडे पाहिले. ती पुढच्या वक्त्याचे नाव वाचत होती.